नानाकाका आणि फुटलेला कापूस

कापसासाठी कळवळलेला माणूस मी एकच पाहिला, ते आमचे पुण्याचे नानाकाका. वडिलांचे चुलतभाऊ. अख्खा जन्म कापडदुकानात गेला, पण कापसाचं झाड कधी पाहिलं नव्हतं. साठ सालच्या आसपास ते अकोल्याजवळच्या आमच्या वावरात आले.

सकाळचं धुकं विरत होतं. जिकडेतिकडे बोंडं फुटलेली, जसं रातचं चांदणं झाडांवरच राहून गेलं. मायनं सीतादही केलं, म्हणजे वेचणीआधी झाडाची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवला. काका हात जोडून उभे होते. मग बायांनी कापूस वेचायला कमरेला ओटी बांधली, तसे ते पुढे आले.

"वहिनी, हे तोडू नका हो. किती सुंदर दिसतंय. राहू द्या असंच."

बाया थांबल्या. मावळतीकडे आभाळ भरून येत होतं, एक सर आली असती तर सगळा कापूस मातीत गेला असता. तरी मायनं घाई केली नाही. तीही त्या पांढऱ्या वावराकडे पाहत राहिली, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी.

मग म्हणाली, "भाऊजी, तुमी म्हनता तं नाई वेचत. पन जातानी तुमचं धोतर इथंच सोडून जा."