चिठ्ठी अनोळखी हातानं

—नाही नाही, उठू नका, पाच वाजायला अजून वीस मिनिटं आहेत, आणि तुमची बस साडेपाचच्या आत आली तर मी नाव बदलीन. बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, ती मी आमच्या अध्यक्षांसाठी राखून ठेवलीये. ही घ्या. चहा येतोय — म्हणजे मीच आणणार, इथे दुसरं आहे कोण? या सभागृहाची व्यवस्थापक मी, झाडणारी मी, पंखे लावणारी मी, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसथांब्यावरून माणूस धरून आणणारीही मीच. घाबरलात ना मघाशी, मी दंडाला धरलं तेव्हा? सगळेच घाबरतात. मागच्या वेळच्या गृहस्थांनी तर आधी पाकीट चाचपलं. घ्या, साखर कमी असेल तर सांगा.

काम एवढंसं आहे हो. ही बरणी. आत चार चिठ्ठ्या. पाच वाजता बाहेर हॉलमध्ये जायचं, सगळ्यांसमोर हात घालायचा, एक काढायची, मोठ्यानं वाचायची — सुटलात. ज्याचं नाव निघेल त्याला या महिन्याच्या शेवटच्या शनिवारची संध्याकाळ. बाकीचे शनिवार भाड्यानं जातात, त्यावरच तर हे छप्पर टिकलंय, पण शेवटचा शनिवार वस्तीतल्या लोकांचा, फुकट. आणि फुकट म्हटलं की — तुम्ही जाणते आहात, मी काय सांगू. पूर्वी चिठ्ठी अध्यक्ष काढायचे. त्यांचा भाचा माउथ ऑर्गनवाल्यांच्या मंडळात. सलग सात महिने माउथ ऑर्गन! आठव्या महिन्याला सभेत जो काही गोंधळ झाला, विचारू नका, एकानं तर चप्पल हातात घेतली होती — मारायला नव्हे, तुटली होती म्हणून, पण अध्यक्षांना काय माहीत. तेव्हा आमचे बुद्धिबळवाले मास्तर उठले. वर्षात चार वाक्यं बोलतात तो माणूस. म्हणाले, चिठ्ठी अशानं काढावी ज्याला आपल्यातलं कोणी ओळखत नाही. टाळ्या! मीही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की चिठ्ठ्या लिहायच्या कोणी, याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. काढणाऱ्या हातावर सगळ्यांचा डोळा — लिहिणाऱ्या हाताकडे कोण बघतो?

नाही, मी आपलं सहज सांगितलं. चहा घ्या.

माणूस निवडण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही. उंच माणूस असला ना, की वरचीच चिठ्ठी उचलतो, त्याला घाई असते. बुटका हटकून तळ गाठतो. चष्मेवाला बोटांनी चाचपत बसतो, जणू भाजी निवडतोय. तुमच्यासारखा मध्यम, शांत, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला — तुमच्यासारखा मधली काढतो. आता मला ठाऊक आहे म्हणून मी काही करते असं नाही हं. मला काय करायचंय? कोणीही येवो, खुर्च्या मलाच मांडायच्या आहेत. दोनशे चाळीस खुर्च्या, दोरी लावावी तशा सरळ. बघालच बाहेर. लोक कार्यक्रमाला नावं ठेवतात, माझ्या खुर्च्यांना आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही — एक सोडून. तो विषय नको.

कोण कोण आहे म्हणता? चौघं. माउथ ऑर्गनवाले, ते आहेतच, पाचवीला पुजलेले. नाचाच्या क्लासवाली बाई — तिच्या मुली नाचल्या की माझ्या भिंतीचा रंग पडतो. मास्तर, त्यांना लहान मुलांची स्पर्धा घ्यायचीये. आणि चौथी एक गाणारी बाई. चौऱ्याहत्तर वर्षांची. उभ्या वस्तीला गाणं शिकवलं तिनं, आज शिष्यांची नातवंडं शिकतात तिच्याकडे. महिनाअखेरीला ती हे गाव सोडून मुलाकडे राहायला जाणार, कायमची, सामान बांधून झालंय, तर जाण्याआधी सगळ्या शिष्यांनी मिळून एक संध्याकाळ गावी, एवढंच तिचं म्हणणं. अकरा महिने अर्ज करतेय. अकराही वेळा नाव नाही निघालं. एवढा हा एक शनिवार उरला तिचा. नशीब बघा कसं असतं एकेकाचं.

हो ना, मलाही वाईट वाटतं. नाही, चेहऱ्यावर दिसत नसेल, माझा चेहराच असा आहे — आमच्या घरात सगळ्यांचाच असा. तिचाही. म्हणजे… आता लपवून काय करायचं, बाहेर गेलात की पहिल्या रांगेत निळ्या शालीतली बाई दिसेल, माझंच नाक तिच्या चेहऱ्यावर बसवलंय. ताई माझी. सख्खी. सहा वर्षं झाली, बोलत नाही आम्ही. अर्ज पाठवते ना, तो सुद्धा कसा — सुंदर अक्षरात, 'माननीय व्यवस्थापक यांस'! जिच्या वेण्या घातल्या, जिच्या अंगावर स्वतःचे जुने फ्रॉक चढवले, तिला माननीय! मीही पोच पाठवते, 'आपला अर्ज मिळाला'. खाली शिक्का मारते. दोनदा.

काय झालं म्हणून काय विचारता, काही मोठं नाही झालं. जमीनजुमला नाही, दागिना नाही. इथेच, याच हॉलमध्ये तिचा सत्कार होता. मी पहाटेपासून राबत होते. भाषणात ती सगळ्यांचे आभार मानत गेली, शिष्यांचे, तबला वाजवणाऱ्याचे, दिवे लावणाऱ्याचे, आणि मग म्हणाली — "आणि ही माझी धाकटी. हिला सूर नाही, पण खुर्च्या छान मांडते." हसले हो सगळे. दोनशे चाळीस माणसं, माझ्याच खुर्च्यांवर बसून हसली. ती पण हसली. तिला वाटलं ती कौतुक करतेय! लहानपणी शिकत होते मी तिच्याच शेजारी बसून, तीन वर्षं, आणि एक दिवस तिनंच सांगितलं की तू नुसती ऐक. ते मी कधी कोणाला बोलले नव्हते. आणि ती माइकवरून सांगते.

तुम्ही हसलात तरी चालेल, ऐकायला गंमतशीरच आहे. मी काही कायमचा डूख धरणारी नाही. म्हणजे धरते, पण नियमात राहून.

हां — नियमात. तर अकरा महिन्यांपूर्वी तिचा पहिला अर्ज आला. मी चिठ्ठी लिहिली. घडी घातली. आणि ती चुकून या खणातच राहून गेली. शपथेवर सांगते, चुकून. बरणी बाहेर गेली, आत तीनच, आणि कोणाला पत्ता नाही — तोंड अरुंद, हात जेमतेम जातो, मोजतो कोण? आणि उरलेल्या चिठ्ठ्या न उघडता फाडायच्या, हाही नियम आहे आमचा, नाहीतर जो तो म्हणतो पुढची माझीच होती. मी परत येऊन खण उघडला तर ही आपली निवांत पडलेली. मला धस्स झालं. पुढच्या महिन्यात लक्ष ठेवायचं असं ठरवलं मी.

पुढच्या महिन्यात चुकून नव्हती राहिली.

अहो, असे बघू नका! प्यायचा राहिलाय चहा, निवतोय. मला वाटलं होतं ती येईल भांडायला. दर महिन्याला वाटायचं, आता येईल, दार ढकलून म्हणेल, काय गं, काय चालवलंयस. ताई लहानपणापासून तशीच, सरळ येऊन कान धरणारी. पण नाही. पहिल्या रांगेत बसते, दुसऱ्याचं नाव निघालं की सगळ्यांत आधी टाळी वाजवते, आणि जाताना आपली खुर्ची स्वतः घडी करून भिंतीला लावून जाते. एकटीच ती. बाकी सगळे तशाच टाकून जातात. अकरा वेळा मी इथून, या दाराच्या फटीतून पाहिलंय.

म्हणून आज मी न्याय केलाय. आज तिची चिठ्ठी बरणीत आहे, अगदी आहे. किती? किती म्हणजे काय — चार चिठ्ठ्या म्हटलं ना मी. चारही. चारही तिच्याच. तुम्ही वरची काढा, तळाची काढा, पायाच्या अंगठ्यानं काढा, ताईच निघणार. झाकण ठेवा खाली, बघून काय करताय, सगळ्या सारख्याच आहेत! हा काही लबाडीचा प्रकार नाही, नीट ऐका — मास्तरांना मी एकदा गणित विचारलं होतं, दुसऱ्याच कशाचं म्हणून, तर त्या हिशेबानं अकरा वेळात तिचं नाव दोन-तीनदा तरी निघायला हवं होतं. मग मी एकदाच देतेय तर जास्त देतेय का? कमीच देतेय. वाकड्याला वाकडं लावलं की सरळ होतं की नाही?

होतं की.

मास्तरांचं काय म्हणजे? मास्तरांना पुढच्या महिन्यात बघू. त्यांना काय, शांत माणूस, थांबतील. मुलं थांबतील. ती काय, व्हरांड्यातसुद्धा खेळतात, चपलांच्या कपाटावर पट मांडून, उभ्यानं. एक मुलगी आहे, तिला दिसायला पट उंच पडतो म्हणून ती विटेवर उभी राहते. आता त्या पोरांनी माझं काय घोडं मारलंय… हे बघा, तुम्ही एवढंसं विचारता आणि मला जास्तच बोलायला लावता. ही वाईट खोड आहे तुमची. चार तासांची बैठक होऊन जे अध्यक्षांना माझ्याकडून काढता आलं नसतं ते तुम्ही अर्ध्या कप चहात काढलंत.

अरे देवा. थांबा. ठेवा ती बरणी. अहो, ठेवा म्हणते ना! तुम्हाला आता काढता येणार नाही. कसं येईल? अनोळखी पाहिजे, आणि तुम्हाला तर आता आमच्या घरातलं ते ठाऊक झालंय जे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. तुम्ही आता नात्यातलेच झालात. झालं की नाही काम? दुसरा माणूस आणावा लागणार. आणि त्याच्यासमोर तोंड शिवून बसावं लागणार मला.

काय? मोठ्यानं बोला, एवढा वेळ नीट विचारत होतात आणि आता पुटपुटताय. …त्या चार चिठ्ठ्यांचं? फाडते. ही घ्या, फाडल्या. नव्या लिहिते, चार नावं, चारजणांची, तुमच्या डोळ्यांदेखत, बस? निघालं तिचं तर निघालं. नाही निघालं तर… नाही निघालं तर ती टाळी वाजवेल, खुर्ची घडी करेल आणि जाईल. आणि मी फटीतून बघेन. आणि पुढच्या महिन्यात अर्ज येणार नाही. 'माननीय' म्हणणारंसुद्धा कोणी राहणार नाही मला.

हसू नका. रडत नाहीये, चहाची वाफ आहे.

बरं, ऐका. शेवटचं काम. बाहेर जाऊन सांगा सगळ्यांना, दहा मिनिटं उशीर आहे, शाई संपली म्हणावं. आणि त्या निळ्या शालीतल्या बाईंना सांगा, आत बोलावलंय. कोणी? व्यवस्थापक नका म्हणू. धाकटीनं बोलावलंय म्हणा. ती विचारेल कशाला — विचारेलच, तिला भोचकपणा फार — तर म्हणा, मला माहीत नाही. खोटं नाही ते, मलाही माहीत नाही. अकरा महिन्यांचं सांगीन, का खुर्च्यांचं, का नुसतीच बसवीन समोर, काय की. ती ओरडेल. ओरडली तर बरंच. तिचा आवाज अजून चांगला आहे म्हणतात.

निघा आता, उभे काय राहिलात. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, पूर्ण — इथलं सगळं बाहेर ऐकू जातं.