सुई आणि शीर यांच्यामधली जागा

...आणि ‘जागा आहे, जागा आहे’ म्हणून सगळे मलाच समजावतात, पण सुई कुणाच्या पोटात जायचीय? तुम्हाला सांगतो, तुम्हीही इथं नंबर लावून बसलाय म्हणून सांगतो, माझ्या यकृतात गाठ निघालीय, तपासणीसाठी तिचा कण काढायला सुई घालणार, आणि त्या वाटेला लागूनच एक जाडजूड शीर. डॉक्टर म्हणाले, “जागा आहे, बाबा.” झालं, त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही.

आमची लेक शाळेत भूमिती शिकवते. म्हणाली, “थांबा, दाखवतेच तुम्हाला,” आणि कॉम्प्युटरवर तिचं ते भूमितीचं सॉफ्टवेअर उघडून डॉक्टरांनी दिलेले आकडे घातले, तांबडी रेघ म्हणजे शीर, निळी म्हणजे सुई... आणि बघतो तर काय, निळी तांबडीच्या आरपार! म्हटलं, “लागली ना गं?” तर म्हणते, “तशी दिसते. एक पुढं आहे, एक मागं,” आणि सगळं गरकन फिरवलं, तर दोघींच्या मध्ये ही फट. आणखी जरा फिरवलं, पुन्हा चिकटल्या. आता माणसानं विश्वास ठेवायचा तो कुठल्या बाजूनं? “कुठूनही बघा, अंतर तेच,” म्हणाली, आणि यंत्राला विचारलं, तर ते म्हणालं सात मिलिमीटर. म्हणजे किती, तर माझ्या करंगळीचं नख. आणि लेकीचंही तेच, “जागा आहे, बाबा.”

“या रेघा एकमेकींना भेटत नाहीत आणि समांतरही जात नाहीत,” लेक सांगतेय, तर बायको आतून म्हणते, “म्हणजे मी आणि हे.” अहो, इथं माझा जीव टांगणीला लागलाय...

पण मी पडलो अडाणी, सावकाश विचार करणारा. म्हटलं, “पोरी, या चित्रात मी श्वास कुठं घेतोय?” तशी हळूच म्हणते, “श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं, बाबा. म्हणून सुई घालताना तो रोखून धरायचा.” घ्या! म्हणजे जागा आहे, पण ती राखायची कुणी, तर मी. आणि भीतीनं इथं आत्ताच लोहाराचा भाता चाललाय. बायको म्हणते, “जन्मात यांना साधी शिंक धरवली नाही.” खोटं नाही हो ते...

काय? मलाच बोलावतायत? आलो, सिस्टरबाई, आलो... हो, ठाऊक आहे, जागा आहे.

चला, येतो मी. तुम्ही मात्र इथं बसून निवांत श्वास घ्या... माझ्या वाटचाही घ्या.