मेंढ्यांच्या मधोमध वहिनी

तुम्ही हसाल, पण परदेशातून मानसशास्त्र शिकून आल्यावर मी पहिला प्रयोग केला तो आमच्या दादावर. दादा-वहिनी माण तालुक्यात मेंढरं पाळतात, आणि तेव्हा दोघांचं बोलणं फक्त चाऱ्यापाण्यापुरतं उरलं होतं. मी दादाला पटवलं, "रोज सकाळी फोनवर आवडीचे फोटो बघ, आणि मध्ये मध्ये वहिनीचा. तो आनंद हळूहळू तिच्याशीही जोडला जातो." यावर माझा आजही पक्का विश्वास आहे.

दादा रोज फोनात बघून गालात हसायला लागला. वहिनी आली की फोन लगेच खिशात. आठवडाभरात वहिनीनं कवठे महांकाळला माहेरी जायला पिशवी भरली.

"वन्सं, हे म्हसवडात कुनात तरी गुतल्यात. मला बघून कवा असं हसलं न्हाईत."

मी दादाचा फोन ओढून तिच्या हातात दिला. मेंढा, मेंढा, वहिनी, पुन्हा मेंढा. तिनं स्वतःचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"आवं, माझ्या हातात ही दोरी कसली? फुडं कोन हुतं?"

"आपला मोठा मेंढा," दादा मान खाली घालून म्हणाला. "निस्ती तूच दिसावीस म्हनून त्याला फोटोतनं कापला."

"मेंढ्याला कापलं? तुमी?"

वहिनीनं पिशवी खाली ठेवली, दादाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि माझ्याकडं वळली.

"वन्सं, खरं सांगा. डाक्टरनं ह्यांचं काय सांगितलंय?"