शेळीचे वरचे दात

तुमी कधी शेळीच्या तोंडात बघितलंय का? ऐंशीच्या आसपास मी वालूरला मास्तर होतो, विज्ञान शिकवायचो. लेकराच्या दुधासाठी शेळी घ्यायला बाजारात गेलो. लोक दात बघून जनावराचं वय ओळखतात, एवढं ऐकून होतो. म्हणून मीबी एकीचा वरचा ओठ उचलला. पुढं एकसुद्धा दात न्हाई.

शेळ्या विकणाऱ्याला म्हणालो, "मामा, म्हातारी शेळी माझ्या गळ्यात मारायलाव का?"

तो शांतपणे म्हणाला, "दुसरी बघा की."

दुसरी बघितली, तिसरी बघितली. शेवटी एक करडूबी बघितलं. वर पुढचा दात कुणालाच न्हाई.

"गुरुजी, आमी खालचे दात मोजतो. वरचे पुढचे शेळीला नसतातच. मेंढीला, गाईला, म्हशीलाबी नसतात."

मी चाटच पडलो. "हे तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? माझ्या सातवीतल्या पोरीलाबी ठाऊक हाय. सहामाहीला शेळीची माहिती लिहायची होती, तवा तिनं हेच लिहिलं."

शेळीची दोरी माझ्या हातात देत तो म्हणाला, "तुमी त्याच्यावर लाल फुली मारली."