सासूबाईंनी न्हाऊ घातलेली पिल्लं

हॅलो?… हं, बोल गं… नाही, घरी कुठली, अभयारण्याच्या नाक्यावर आहे. कामावर. समोर गाड्यांची ही रांग लागली आहे, लवकर बोल.

पिल्लं?… मांजराची?… अगं, मांजराच्या पिल्लांना कुठलं दूध पाजायचं हे विचारायला तुला वनरक्षक बहीणच सापडली का? गुरांच्या डॉक्टरला विचार… हो, कळलं, सासूबाईंना लळा लागला आहे. लागू दे… फिस्कारतात? मग काय, गाणं म्हणतील?… साहेब, जरा मागे घ्या गाडी… तुला नाही गं, गाडीवाल्याला.

थांब. कुठे सापडली म्हणालीस?… उसात. तोड चालू असताना… बरं, मला सांग, अंगावर पट्टे आहेत की ठिपके?… नीट बघ. उजेडात घे… आणि पंजे केवढे आहेत?… तुझ्या धाकट्याच्या मुठीएवढे.

अगं बाई.

काही नाही. ऐक. ऐक ना आधी… मांजरं नाहीत ती… हो. बिबट्याची… ओरडू नकोस, तुझ्यापेक्षा ती जास्त घाबरलेली असतील. कोणी हात लावू नका आता, झाकून ठेव आणि…

काय घातली?… आंघोळ?… साबणाने? कुठल्या साबणाने?… अगं, राहू दे, साबण कुठला हे मी तरी का विचारतेय. डोकं चालेना माझं… पावडरही लावली. वा. पाळणा तेवढा राहिला असेल टांगायचा… टांगला?

हसत नाहीये मी. तूही हसू नकोस. अगं, त्यांची आई दिवेलागणीला येईल, जिथे सोडून गेली त्याच जागी. पिल्लं सापडली तर मानेला धरून उचलेल आणि निघून जाईल, तुमच्याकडे बघणारही नाही. नाही सापडली तर घरं हुंगत फिरेल. आणि तिथून पहिलं घर तुमचं… घाबरवत नाहीये, जे होतं ते सांगतेय… माणसाचा हात लागला तर चालतं, आई घेते. पण साबण आणि पावडर… ते देवालाच ठाऊक. असं कर, उसातलंच पाचट आण, टोपलीत घाल, पिल्लं त्यात ठेव. आपला वास जाऊन शेताचा लागू दे. आणि जागा कोणाला माहीत आहे?… फक्त सासूबाईंना. बरोबर, हे असंच असायचं.

तुझ्या नवऱ्याने कुठे बोलून नाही ना ठेवलं?… ग्रुपवर?… गावाच्या? फोटोसकट? अगं, दवंडी तेवढी पिटायची राहिली की.

कोण आलंय?… बोकडशेठ. काठ्या घेऊन. येणारच… हो, मला माहीत आहे त्याच्या शेळ्या गेल्या ते. पंचनाम्याला मीच आले होते. त्याच्या दारात कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, तहान तुझ्याकडे येऊन भागवली… काय म्हणतोय?… "तुझ्या बहिणीचे बिबटे."

माझे? माहेरून आणले का गं मी? तुझं नि माझं माहेर एकच, तुला दिसले होते का तिथे? जंगलातली चराई मी बंद केली? कुंपण मी घातलं?… अगं, तू नाही म्हणालीस, कळतंय मला, पण ऐकून तर घे. ऑफिसात म्हणायचं, तुमच्या गावची माणसं ऐकत नाहीत. गावात म्हणायचं, तुमची जनावरं ऐकत नाहीत. दोन्हीकडून ढोलकी मीच… जीप? जीप कुठली पाठवू? पाहुण्यांना वाघ दाखवायला गेल्या आहेत सगळ्या. मी दुचाकीवर येते. इथे कोणी बदली मिळाला की निघाले.

त्याला सांग, पिल्लांना काही झालं तर तुरुंग आहे… नाही, ते नको सांगूस, आणखी चिडेल. एवढंच सांग की पिल्लं मेली तर त्यांची आई जात नाही, शोधत राहते.

आता काय?… देणार नाहीत म्हणजे? कोण, सासूबाई?… "आईने टाकलेली लेकरं, मी पोसते"… दे. त्यांच्याकडे दे फोन. स्पीकर नको, कानाला लाव.

नमस्कार मावशी… बरी आहे… हो, जेवले… गोड आहेत हो, मी कुठे नाही म्हणते. पण टाकलेली नाहीत ती. आई टाकून जात नाही मावशी, कामाला जाते. मी बघा, पोरं शेजारणीकडे ठेवून सकाळपासून इथे उभी आहे. म्हणून कोणी यावं आणि उचलून न्यावीत का?… हां. तशीच तीही. जंगलात काय नि उसात काय, तिला आडोसा दिसला, तिने लेकरं निजवली, पोटाच्या मागे गेली. परत येऊन बघते तर जागा रिकामी. चार लेकरं वाढवलीत तुम्ही, मी काय सांगणार तुम्हाला. देवाने तिला वाचा दिली नाही, नाहीतर तुमच्या उंबऱ्यावर येऊन पदर पसरला असता तिने.

हो… हो मावशी… असेल. तुमची शेळी नेणारी तीच असेल. दुसरी आहे असं खोटं कशाला बोलू?

काय म्हणालात?…

नाही.

नाही मावशी, तसा शब्द मला देता येत नाही. पिल्लं मिळाली म्हणून ती तुमचा गोठा सोडेल, असं नाही. आमच्या ऑफिसातले साहेब म्हणतील तसं, मी नाही म्हणणार. सुट्टीच्या दिवशी येऊन गोठ्याला जाळी मारून देईन, माझ्या हाताने. ते माझ्याकडून. तिच्याकडून काही नाही…

मावशी?… ऐकताय ना?… हॅलो?…

तू कशी आलीस फोनवर? त्या कुठे गेल्या?… टोपली घेऊन?… आणि बोकडशेठ?… दारातच उभा आहे अजून… हळू बोल, मला नीट सांग, काय म्हणाल्या त्याला?…

"बाजूला हो. यांची आई यायची वेळ झाली."

मग? सरकला?…

सरकला.

अगं मग तू फोन धरून काय उभी आहेस? जा त्यांच्या मागे. नवऱ्याला घे, मोठ्याने बोलत चाला. आणि बांधावर थांबवा त्यांना, मी येईपर्यंत उसात पाऊल टाकायचं नाही… हो, हो, निघाले. ठेव. ठेव गं आता.