डोंगरामागचं लोखंडी दार

नाही, थांबा कप्तानसाहेब, तो शौर्याचा बिल्ला आधी खाली ठेवा. आणि वाजंत्रीवाल्यांनीही जरा दम घ्यावा. 'दोन शब्द बोला आल्फोन्स' म्हणालात ना? बोलतो, पण दोन शब्दांत मावणारं नाही ते. इर्मी, कोट ओढू नकोस, बायको आहेस म्हणून काय झालं... तुम्हाला सांगतो मंडळी, गेले सहा आठवडे मी या गावात मान वर करून चाललेलो नाही. बेकरीत गेलो की रांग बाजूला होते, 'या या, आधी यांना द्या, यांनी नोटबुर्गाकाकूंचा जीव वाचवला.' खाटीक न सांगता दोन सॉसेज जास्त बांधतो. चर्चमध्ये फादर माझं नाव घेतात आणि मी आपला बुटांच्या नाड्या बघत बसतो. आणि काकू, या समोर पहिल्या रांगेत बसल्यात त्या, वय वर्षं चौऱ्याऐंशी, दर शुक्रवारी गुडघे धरून आमचा जिना चढतात, हातात खसखशीचा केक, आणि म्हणतात, 'खा रे, तू नसतास तर मी आज कबरीत असते.' अहो काकू, मी नसतो तर तुम्ही कबरीच्या आसपासही गेला नसतात. तेच सांगायला उभा राहिलोय.

आता आमचं घर सगळ्यांना ठाऊक आहे. खाली काकू, वर आम्ही. आम्ही उबेसाठी गावाच्या गरम पाण्याच्या पायपाला वरचं घर जोडून घेतलं, त्यामुळे धुराडं उरलं एकट्या काकूंच्या भट्टीसाठी. हिरव्या फरश्यांची भट्टी, लाकडांवरची, काकू थंडीभर तिला पाठ लावून बसतात. पण ते धुराडं वर जातं कुठून? आमच्या माळ्यावरून. माळ्यावर त्याला वीतभर लोखंडी दार आहे, धुराडं झाडायला येणाऱ्या बाई तिथूनच ब्रश घालतात. आणि त्या दारासमोर काय आहे? डोंगर. माझा डोंगर. माझी खेळण्यातली आगगाडी तुम्ही पाहिलीय, म्हणजे मी ती पाहिल्याशिवाय कोणाला घरातून जाऊच देत नाही. अकरा वर्षं खपलोय. दोन स्टेशनं, पूल, बोगदा, आणि प्लास्टरचा तो डोंगर, त्याच्यावरचं एकेक झाड चिमट्यानं लावलेलं. आता एवढा डोंगर टेकवायचा कुठे? सगळा माळा उतरत्या छपराचा, सरळ भिंत एकच, धुराड्याची. टेकवला. दार गेलं मागे. म्हटलं, पुढचं पुढे बघू.

पुढे आल्या धुराडं झाडणाऱ्या त्या वेरेनाबाई. त्या बघा, मागे दाराशी उभ्या आहेत काळ्या कोटात, आणि मघापासून निम्मं गाव त्यांच्या कोटाच्या बटणाला हात लावून येतंय, धुराडं झाडणाऱ्याचं बटण शिवलं की नवं वर्ष सुखाचं जातं म्हणून. मीही लावायचो. हल्ली धीर होत नाही. तर बाई आठवडाभर आधी घराच्या दारावर चिठ्ठी लावतात, पिवळा जाड कागद, 'मंगळवारी आठ ते दहा, माळा उघडा ठेवावा.' मी चिठ्ठी पाहिली. डोळ्यांसमोर डोंगर आला. बाई बघणार, म्हणणार 'काका, काढा हा', आणि माझी अकरा वर्षं घमेल्यात. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चिठ्ठी खिशात घातली. एप्रिलची एक, सप्टेंबरची एक, नोव्हेंबरची एक. मंडळी, मी चाळीस वर्षं पोस्टमन होतो. बर्फात, पुरात, कुत्री मागे लागलेली असताना एक कार्ड कधी गहाळ केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर काकूंच्या नावच्या तीन चिठ्ठ्या मी, मी खाल्ल्या.

बाई यायच्या, बेल वाजवायच्या. मंगळवारी सकाळी काकू चर्चमध्ये, इर्मी दुकानात, आणि मी माळ्यावर आगगाडी थांबवून श्वास रोखून उभा. सप्टेंबरात तर घाबरून इंजिनाच्या शिट्टीचंच बटण दाबलं गेलं. खालून आवाज, 'वर कोणी आहे का?' आता काय सांगणार, आगगाडी आहे? नोव्हेंबरात त्यांनी फोन केला. 'काका, तीनदा परत गेले, आजींची भट्टी चालू आहे ना?' आणि मी, ऐका बरं का कप्तानसाहेब, बिल्ला हातात धरून ऐका, मी म्हणालो, 'नाही हो, काकू बहिणीकडे गेल्यात, भट्टी थंड आहे.' काकू तेव्हा खाली त्याच भट्टीवर सफरचंदं वाळवत होत्या. वास वरपर्यंत येत होता.

मग काकूंचं सुरू झालं. 'अरे आल्फोन्स, डोकं फार दुखतंय.' मी म्हणायचो, काकू, डोंगरवारा, दुसरं काय. 'अरे, पोटात ढवळतंय.' डोंगरवारा. आता हसू नका, तुम्हीही हेच म्हणता. आपल्या खोऱ्यात दक्षिणेचा गरम वारा सुटला की नवरा-बायको भांडले, वारा. गाय आटली, वारा. शाळेत पोरगा नापास झाला तरी वारा. काकू औषधांच्या दुकानात गेल्या, तिथली बाई म्हणाली डोंगरवारा. डॉक्टरकडे गेल्या, डॉक्टर स्वतःचंच कपाळ दाबत म्हणाले डोंगरवारा. पण मंडळी, त्यांच्या कोणाच्या खिशात चिठ्ठ्या नव्हत्या. काकू म्हणाल्या, 'खोलीत थोडा धूर होतोय रे.' आणि तेव्हा तरी मला कळायला नको? कळलं होतं. पण डोंगर दिसला आणि मी म्हणालो, 'वारा उलटा आत येतो काकू, खिडक्या घट्ट लावून घ्या.' नुसतं म्हणालो नाही, फटींत जुनी फडकी कोंबून दिली. या हातांनी. आणि त्या म्हणाल्या, 'किती करतोस रे माझं.'

मग तो रविवार. डिसेंबरातली दुपार, इर्मीनं मला काकूंचं भांडं परत द्यायला खाली पाठवलं. काकू खुर्चीत, गाल लाल, मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, 'आलास का फ्रान्झ?' फ्रान्झ म्हणजे त्यांचा नवरा, जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझंही डोकं जड व्हायला लागलं आणि मी काय म्हटलं असेल मनाशी? डोंगरवारा, दुसरं काय. आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या घराचा धूर सरळ वर, दोरीसारखा. पान हलत नव्हतं. अंगणातल्या बर्फावर आमच्या धुराड्याची सावली पडली होती, आणि तिच्यातून काहीच निघत नव्हतं. भट्टी धडधडतेय आणि धूर बाहेर नाही, मग तो आहे कुठे? मी तो श्वासात घेत होतो. काकू कधीपासून घेत होत्या.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, फडकी उपसली, खिडक्या उघडल्या, काकूंना खुर्चीसकट अंगणात ओढलं, इन्सब्रुकच्या दवाखान्यात चार दिवस. पेपरात आलं, 'जागरूक शेजारी'. मी तो पेपर शेगडीत घालणार होतो, पण आमच्याकडे आता शेगडी नाही.

त्याच संध्याकाळी वेरेनाबाई माळ्यावर आल्या. डोंगर बघितला. मी हातोडी घेऊन स्वतःच फोडला, बोगद्यापासून सुरुवात केली. दार उघडलं, त्यांनी आत हात घातला आणि कावळ्याचं घरटं काढलं, बादलीभर काटक्या, वर काजळीचा ढीग. मग हात पुसता पुसता त्या माझ्या स्टेशनाकडे वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. कारण छप्पर पिवळं होतं ना. जाड कागद, चांगल्या प्रतीचा, टाकवला नाही माझ्याच्यानं. छपराच्या आतल्या बाजूला त्यांचंच अक्षर, 'मंगळवारी आठ ते दहा'. मी म्हटलं आता संपलो. तर त्या म्हणाल्या, 'छप्पर छान जमलंय, काका.' आणि जिन्यात थांबून म्हणाल्या, 'माझ्या कागदावर दार अडवलेलं होतं एवढंच येतं. चिठ्ठ्या कुठे गेल्या, त्याला रकाना नाही. ते आजींना तुम्ही सांगायचं.'

सहा आठवडे. रोज जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत उतरलो आणि परत फिरलो. आज बिल्ला दिसला आणि मागे फिरायला जागाच उरली नाही. काकू, मला लाज वाटते. वारा नव्हता काकू. एक दिवसही नव्हता. मी होतो.

झालं. सांगितलं. आता तुम्ही... काकू, बसा ना, उठता कशाला, काठी सरकतेय तुमची. कोणीतरी हात द्या त्यांना. नको? बरं. मारायचं असेल तर मी खाली वाकतो. कप्तानसाहेब, त्यांना बिल्ला कशाला देताय? काकू, नाही हो, ऐकलंत ना मी काय म्हणालो? ऐकलंत. सगळं? मग हे काय... 'उभा राहा नीट.' राहिलो. 'रोज लावायचा.' रोज? 'बेकरीत, खाटकाकडे, चर्चमध्ये. आणि कोणी विचारलं कशाचा, की आत्ता सांगितलंस तसं सांगायचं, चिठ्ठ्यांपासून. मी मागे उभी राहून ऐकीन.' काकू, पण हे... आई गं. नाही, काही नाही. टाचणी शर्टातून आत गेली. राहू द्या काकू, तिथेच राहू द्या.