टेबलावरच्या तीन थापा

मंडळी, काकू, वसंताभाऊ. गुरुजींना जाऊन आज दहा दिवस झाले. बोलायला उभी तर राहिले, पण मी तोतरी आहे, हे अख्ख्या अल्लीपूरला ठाऊक आहे. थोडं सांभाळून घ्या. रडायचं ठरवूनच आले होते. पण गुरुजी आठवले की मला भांडायचीच हुक्की येते. काय करू?

चौऱ्याहत्तर साल. मी सातवीत. दर शनिवारी पाढ्यांची चढाओढ. सगळे उभे. गुरुजी विचारायचे, 'सतरा सक?' आणि टेबलावर तीन थापा मारायचे. तिसऱ्या थापेआधी उत्तर आलं नाही की बसायचं. गणिताच्या शंभरातले दहा गुण या खेळाचे. शेवटपर्यंत उभा राहील त्याला दहा, पहिला बसेल त्याला शून्य. पहिली मीच बसायची. उत्तर तोंडात असायचं, बाहेर यायचं नाही. आधीच माझं गणित काठावर. आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं, 'नापास झाली त शाळा बंद. वाडीत येजो वांगे तोडायले.'

तीन महिने बसले. एका शनिवारी नाही बसले.

म्हटलं, 'गुरुजी, मले पाढे येतेत. हे गुण पाढ्याचे हायेत का जिभेचे?' एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल, विचार करा.

गुरुजी म्हणाले, 'नेम सगळ्याईले सारखा हाये.'

म्हटलं, 'जीभ सगळ्याईची सारखी नाई.'

गुरुजी लालबुंद. वाटलं, आता छडी बसते. गुरुजींनी काय केलं? 'वह्या काढा,' म्हणाले. दहा प्रश्न विचारले, सगळ्यांनी उत्तरं लिहायची. माझी दहाही बरोबर. दर शनिवारी जिंकणाऱ्या वसंताची सहा. वसंता म्हणजे गुरुजींचा मुलगा, हे काय, समोरच बसले आहेत. हसा भाऊ, हसा. त्याच दिवशी गुरुजींनी खेळाचे सगळे गुण लाल शाईनं खोडले आणि वहीतले धरले. घरच्या पोराचा पहिला नंबर गेला. मी पास झाले. आज त्याच शाळेत पाढे शिकवते. खेळ घेते, गुण देत नाही.

निकालाच्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, 'पोरी, तू बरोबर होती. पण तीन महिने गप काऊन राह्यली?'

मी नुसती मान खाली घातली होती. गुरुजी, बारा वर्षांनी सांगते. तुमची भीती वाटत होती हो. तुम्ही ती घालवलीत. पुढे मग कोणाचीच वाटली नाही.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मीही बोलणार नाही.